दहाच्या आत वग

सकाळी सहा

भैरवनाथाचा अभिषेक चालू असतो. कमिटीची बाकीची मंडळी सोवळ्यात गाभाऱ्यापाशी उभी, आणि मी सभामंडपाच्या खांबाला टेकून फायलीतले कागद लावत बसलेलो. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा गावाने जत्रा कमिटीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात मारलं. कारण एकच, गुरुजींचं अक्षर चांगलं. तेव्हापासून देवाची जत्रा मी प्रामुख्याने कागदावरच पाहत आलो आहे.

फायलीत काय नाही? ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. ज्याच्या वावरात तमाशाचं स्टेज उभं राहणार त्याचं संमतीपत्र (कांदा निघून वावर रिकामं झालंय, म्हणून तो आनंदाने देतो, कांदा लांबला असता तर जत्रेची जागाच बदलली असती). फडाशी झालेला करार. कलाकारांची यादी आणि त्यांच्या आधारकार्डांच्या झेरॉक्स. वगाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाने दिलेल्या प्रमाणपत्राची प्रत. वायरिंग नीट असल्याचा परवानाधारक ठेकेदाराचा दाखला. महावितरणला आणि आरोग्य केंद्राला दिलेल्या पत्रांच्या पोचा. स्वयंसेवकांची नावं, मोबाइल नंबरांसकट. आणि 'काही अनुचित प्रकार घडल्यास सर्वस्वी आम्ही जबाबदार राहू' असं हमीपत्र, ज्यावर कमिटीतल्या दोघांनी सही करायचं टाळलंय. हे हमीपत्र साध्या कागदावर चालतं की स्टॅम्पवरच लागतं, यावर प्रत्येक ठाण्याचं मत वेगळं असतं.

एक कागद मात्र फायलीत अजून नाही. ती परवानगी. तमाशा आज रात्री आहे.

साडेसात

साउंडवाला टेम्पो घेऊन आला, पण माल उतरवेना.

"गुरुजी, परमिशन हातात आहे ना?"

"येतेय."

"येतेय म्हणजे?"

त्याचंही खरं आहे. परवानगीचा कागद नसला की पोलीस सरपंचाला काही करत नाहीत, ॲम्प्लिफायर उचलतात. तो सोडवायला कोर्टाच्या तारखा कराव्या लागतात, आणि तोवर लग्नसराई निघून जाते. मी त्याला चहा पाजला आणि खांब तरी रोवून घे म्हणालो. खांबांना परवानगी लागत नाही.

ज्या नियमाला तो घाबरतो तो २००० सालचा. पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्राने ध्वनिप्रदूषणाचे नियम केले. लेखी परवानगीशिवाय लाउडस्पीकर लावायचा नाही, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लावायचाच नाही. वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५. दवाखाना, शाळा, कोर्ट यांच्याभोवती १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने यावर सविस्तर निकाल दिला आणि दहाचा काटा पक्का झाला.

नियमाला मी वाईट म्हणणार नाही. जत्रेच्या वेशीलगत माझ्या चुलतभावाचं घर आहे, त्याची आई अंथरुणाला खिळलेली होती तेव्हा पहाटे चारपर्यंत कर्णे वाजायचे. ती माउली कानात कापसाचे बोळे घालून पडायची. तेव्हा कोणाला तिची दया आली नव्हती.

माझी तक्रार नियमातल्या सवलतीबद्दल आहे. सणासुदीला वर्षातले १५ दिवस मध्यरात्री बारापर्यंत मुभा देता येते. हे दिवस जिल्हाधिकारी वर्षाच्या सुरुवातीला जाहीर करतात. शिवजयंती, आंबेडकर जयंती, गणपतीचे काही दिवस, नवरात्रातले काही, नाताळ, ३१ डिसेंबर. एखाद-दोन दिवस हातचे राखून ठेवतात. यादी चुकीची नाही, पण ती शहराची आहे. आमच्या पट्ट्यातल्या गावांच्या जत्रा चैत्र-वैशाखात तिथीवर येतात. कोणाची पौर्णिमेला, कोणाची वद्य अष्टमीला, कोणाची अक्षय्य तृतीयेला. गावाला वर्षातून एकच रात्र हवी असते आणि ती कोणत्याच यादीत नसते.

पावणेदहा

पोलीस ठाणे. परवानगीचे अर्ज 'गोपनीय'कडे असतात. गोपनीय म्हणजे गावोगावची खबरबात ठेवणारा हवालदार. त्याचं टेबल मात्र मुळीच गोपनीय नाही, थेट दारातच. आज कालाष्टमी. चैत्र वद्य अष्टमी म्हणजे भैरवनाथाच्या जत्रांचा हंगामाचा दिवस, त्यामुळे हद्दीतल्या सात-आठ गावांचे माझ्यासारखेच लोक फायली छातीशी धरून बाकावर बसलेले. त्यातले निम्मे माझे माजी विद्यार्थी. उठून जागा देतात, पण रांग सोडत नाहीत.

"गुरुजी, तुमचा रिपोर्ट झालाय. साहेबांची सही राहिलीय."

"साहेब?"

"बंदोबस्ताला. कुठल्या ते विचारू नका, सगळीकडेच बंदोबस्त आहे."

अर्जाचा प्रवास असा : अर्ज ठाण्यात आवक होतो, बीटचा हवालदार गावात येऊन जागा बघतो, जुने वाद विचारतो, मागच्या जत्रेत कोणाची डोकी फुटली ते लिहून नेतो, गोपनीय त्यावर टिपण तयार करतो, मग निरीक्षकांची सही, जावक क्रमांक, शिक्का. पंधरवडा आधी दिलेला अर्जही शेवटच्या दिवसापर्यंत लोंबतो. ठाण्यात कोणी मुद्दाम अडवतं असं नाही. आधी सही दिली आणि मधल्या आठवड्यात गावात काही घडलं, तर सही करणाऱ्याला जाब विचारतात. म्हणून सही होते ती उन्हं उतरताना.

परवानगीच्या आधी नोटीस मात्र वेळेवर मिळाली. पूर्वी हिला '१४९ ची नोटीस' म्हणत. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रियेची नवी संहिता आली आणि ती कलम १६८ ची झाली. मजकूर तोच. दखलपात्र गुन्हा घडू नये म्हणून आपणांस समज देण्यात येते की... मी ती पोच देऊन घेतली. ज्या कार्यक्रमाला अजून परवानगी नाही, त्यात गुन्हा करू नये अशी समज मला आधी मिळाली आहे.

साडेअकरा

ठाण्यासमोरच्या हॉटेलात बसलो असता रस्त्याकडेच्या एका लॉनचा मालक भेटला. तोही माझाच विद्यार्थी, गणितात कच्चा, व्यवहारात पक्का. त्याच्याकडे शनिवारी कुठल्याशा कंपनीची पार्टी आहे. त्याने मोबाइल पुढे केला. दारूचा एक दिवसाचा तात्पुरता परवाना, राज्य उत्पादन शुल्कच्या संकेतस्थळावरून. कागद अपलोड, फी ऑनलाइन, मग निरीक्षकाची तपासणी. पिणाऱ्यांना एक दिवसाचा पिण्याचा परवाना लागतो तो पाच रुपयांचा, देशी पिणार असला तर दोन रुपयांचा. बिअर-वाइनला वय २१, कडक दारूला २५. माल परवानाधारक दुकानातूनच घ्यायचा, उरलेल्याचा हिशेब ठेवायचा. त्याचा हॉल चारी बाजूंनी बंद आहे, त्यामुळे दहानंतर गाणीही आत वाजू शकतात, आवाज बाहेर गेला नाही म्हणजे झालं.

महाराष्ट्रात कागदोपत्री अजून दारूबंदीचाच कायदा आहे, १९४९ चा. दारू ही मुळात बंद, आणि परवाना घेतला की चालू. तिच्यासाठी खिडकी आहे, फॉर्म आहे, ठरलेली फी आहे. तमाशा मुळात चालू, तरी परवानगीसाठी ठाण्याच्या बाकावर बसावं लागतं. मी लॉनवाल्याला हे बोललो तर तो म्हणाला, "गुरुजी, तुमच्या जत्रेत सरकारला मिळतं काय?"

पूर्वी काही तरी मिळायचं. तंबू ठोकून तिकीट लावणाऱ्या मोठ्या फडांकडे करमणूक कराचा माणूस यायचा, गल्ल्याशी खुर्ची टाकून बसायचा. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि तो कर त्यात गेला. आमचा तमाशा तिकिटाचा नाहीच. गाव वर्गणी काढतं, फडाला सुपारी देतं, बघणारा फुकट बघतो.

जत्रेपुरती दारूची दुकानं बंद ठेवण्याचा हुकूम जिल्हाधिकारी त्याच कायद्याच्या कलम १४२ खाली काढू शकतात. यंदा तसा निघाला आहे. दुकानं बंद असली म्हणजे गाव कोरडं असतं असं समजण्याइतका मी भोळा नाही.

दुपारी दोन

फड आला. दोन ट्रक आणि एक बस. काल रात्री शंभरेक किलोमीटरवर खेळ, पहाटे गाशा गुंडाळला आणि थेट इकडे. बायामाणसं बसमधून उतरली ती पाण्याची टाकी शोधत. कोणी ट्रकच्या सावलीत आडवं झालं, कोणी चुलीला दगड मांडले.

हा फड आम्ही पाडव्याला नारायणगावात ठरवला. पुणे-नाशिक रस्त्यावरचं हे गाव तमाशाची पंढरी म्हणवतं, तमाशा कलावंत विठाबाई भाऊ मांग यांनी आडनावासारखं पुढे नेलेलं गाव हेच. पाडव्याच्या आधीपासून तिथे फडांच्या राहुट्या लागतात. प्रत्येक राहुटीत एक टेबल, एक डायरी, मागे बाईंचे फोटो. गावोगावचे कारभारी येतात, तिथी सांगतात, भाव होतो. भाव फडाच्या नावापेक्षा तिथीवर चढतो. कालाष्टमीला ज्या फडाचे अमुक लाख, त्याचे चार दिवसांनी निम्मे. डायरीत तारीख अडवली, इसार दिला, की सौदा पक्का. तिथे कोणी परवानगीबद्दल विचारत नाही. करारात फक्त एक ओळ असते : परवानग्या गावाने काढायच्या, आणि परवानगी न मिळाल्यास सुपारी परत मिळणार नाही.

सरकार आणि तमाशा यांचं हे कागदी नातं जुनं आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास बाळासाहेब खेरांच्या सरकारने अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावर बंदी घातली होती. कलावंतांनी धडपड केली, बंदी उठली, पण संहिता तपासून घेण्याची अट मागे राहिली. म्हणून माझ्या फायलीत ते प्रमाणपत्र. बंदी आता कोणी घालत नाही. वेळ घालतात.

साडेचार

मोबाइलवर हवालदाराचा फोटो आला. कागद, सही, शिक्का. खाली : 'घेऊन जा.' सरपंचताईंच्या मुलाला मोटारसायकलवर पिटाळलं आणि साउंडवाल्याला हात केला. त्याने तोवर कर्णे गुपचूप चढवलेही होते.

सव्वापाच

परवानगी हातात. दोन पानं, अटी अठरा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७(१)(३) लागू असल्यास त्याचं पालन करावे. वाहतुकीस अडथळा होणार नाही. स्त्रिया व पुरुषांसाठी बसण्याची स्वतंत्र व्यवस्था. कलाकारांनी अश्लील हावभाव करू नयेत. प्रेक्षकांनी नोटा उधळू नयेत. कोणत्याही जाती-धर्माच्या भावना दुखावतील असे संवाद नसावेत. अग्निशामक साधने ठेवावीत. शेवटची अट सगळ्यांत लहान आणि ठळक : वेळ १९.०० ते २२.००.

नोटा उधळण्याच्या अटीवर फडाच्या मॅनेजरबाई हसल्या. "गुरुजी, आजकाल उधळतंय कोण? फोनवर पाठवतात आणि स्क्रीन दाखवून गाणं मागतात."

सहा

आता खरा पेच. जत्रेत आधी छबिना, मग तमाशा, हा क्रम पिढ्यानपिढ्यांचा. पालखी गावातून फिरून देवळात परतेपर्यंत पूर्वी रात्रीचे दहा-अकरा वाजत. त्यानंतर ढोलकी घुमायची ती उजाडेपर्यंत. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग. वग दोन-अडीच तास चालायचा, पूर्वेला तांबडं फुटताना खलनायक मरायचा. माणसं तशीच उठून धारा काढायला जायची.

आता सातला तमाशा सुरू करायचा, तर देव रस्त्यात. छबिना आधी उरकायचा, तर पालखी उन्हात काढावी लागते आणि मानकरी तयार होत नाहीत. मानकऱ्यांची बैठक पारावर भरली. एक म्हणाला, देवाला दहाची अट आहे का? दुसरा म्हणाला, ढोल-लेझमाला आहेच की. बरीच ओढाताण होऊन ठरलं ते असं : छबिना साडेसहाला निघेल, वेशीपर्यंत जाऊन परत फिरेल, वाडीचा फेरा उद्या. वाडीतली माणसं यावर वर्षभर बोलतील. त्यांचं बोलणं रास्त आहे.

बैलगाडा घाटाची फाइल माझ्याकडे नाही, याचे मी देवाला आभार मानतो. तिकडे जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी, अनामत, पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचे दाखले. ते काम तरुण पोरं करतात आणि आनंदाने करतात.

पावणेआठ

प्रेक्षक जमत नाहीत. सातची वेळ कागदाची, गावाची नाही. डेअरीवर दूध घालायचं असतं, वीज आली की मोटर चालू करायची असते, पाहुण्यांना जेवू घालायचं असतं. साडेसातला समोर फक्त पोरंटोरं आणि फुगेवाला.

स्टेजमागे मात्र वेगळंच चाललेलं. फडाचे सरदार, साठीच्या पुढचे, खुर्चीवर बसून वगाची वही चाळत होते. समोर सोंगाड्या आणि खलनायकाचं काम करणारा पोरगा.

"किती मिळतील?"

"आठला उभं राहिलो तर गण-गवळण पस्तीस मिनिटं. रंगबाजी तासभर लागणारच, त्याशिवाय पब्लिक बसत नाही. उरली पंचवीस."

"पंचवीस." सरदारांनी वहीची पानं अंगठ्याने मोजली. "दरबार काढा. शिकार काढा. फकिराचा प्रवेश?"

"तो काढला तर राजपुत्र जिवंत कसा राहिला ते कळणार नाही."

"एका वाक्यात सांगून टाक. तुरुंगापासून सुरू करू."

फकिराची दाढी लावून एक वयस्क कलाकार कोपऱ्यात बसला होता. त्याने ती सावकाश सोडवली, कापडात गुंडाळली आणि झीलकऱ्यांत उभं राहायला गेला. ही दाढी तो महिनाभर रोज लावतो, आणि कधी उपयोगाला येते, कधी नाही, असं मॅनेजरबाई म्हणाल्या.

आठ ते दहा

गण झाला. गवळणीत मावशीने नेहमीचे विनोद केले, एक-दोन नवे, त्यातला एक परवानगीच्या अठरा अटींवर. पोलिसांच्या खुर्च्या पहिल्या रांगेत होत्या, तेही हसले. साडेआठनंतर गर्दी अशी लोटली की बायकांच्या बाजूची दोरी दोनदा सरकवावी लागली. रंगबाजीत सिनेमाची गाणी, वन्समोर, शिट्ट्या. तरुणांना हेच हवं असतं आणि ते मिळालं की ते उठून जातात.

दहाला वीस कमी असताना वग उभा राहिला. लग्नात मुहूर्त टळत आला की मंगलाष्टकं उरकतात, तसा त्यांनी तो उरकला. तरीही सरदारांच्या पहिल्या संवादाला मागच्या रांगांतली म्हातारी माणसं पुढे सरकली. ती एवढ्यासाठीच बसून होती. राजपुत्र तुरुंगात, सोंगाड्या पहारेकरी, चावीवरून झालेली ती झकाझकी. पाच मिनिटं मी घड्याळ पाहायचं विसरलो, ही सेक्रेटरीला न शोभणारी गोष्ट.

दहाला तीन कमी असताना हवालदाराने मला हात केला. मी साउंडवाल्याकडे पाहिलं. आमच्यातलं एक तरुण पोर म्हणालं, "माइक बंद करा, नुसत्या ढोलकीवर होऊ द्या! पूर्वी कुठे माइक होता?" त्याला ठाऊक नाही, २०१० च्या दुरुस्तीने वाद्यंही त्या नियमात आली. रात्री दहानंतर उघड्यावर ढोलकीही नाही. संवाद तेवढे म्हणता येतील, पण दोन-तीन हजार माणसांत बिनमाइकचा आवाज जाणार कुठवर, आणि त्या आवाजाची सवय आताच्या गळ्यांना कुठे?

राजपुत्राची सुटका झाली नाही. सरदारांनीच पुढे येऊन हात जोडले, भैरवनाथाच्या नावाने चांगभलं केलं आणि साउंडवाल्याने कळ फिरवली. मागून शिव्या आल्या. त्या कोणाला होत्या हे मी शोधलं नाही. तरीही दहा वाजून काही मिनिटांनी कोणी तरी ११२ वर तक्रार केलीच. गाडी येऊन रिकामं स्टेज पाहून गेली.

साडेदहा

स्टेजमागे कंदिलाएवढ्या एका बल्बखाली हिशेब. सुपारीची उरलेली रक्कम मोजून दिली, पावती घेतली. मग मी मुद्द्याला आलो. उद्या सकाळी हजेरी असतेच, रात्रीच्या खेळानंतरची दिवसाची बैठक, गाण्यांची. यंदा अर्ज लिहितानाच मी हजेरीची वेळ सविस्तर मागितली होती, दहा ते एक, आणि परवानगीत ती मिळाली आहे. दुसऱ्या पानावर, अटींच्या खाली, कोणाचं लक्ष जात नाही अशा जागी.

"उद्या हजेरीत वग पूर्ण करा," मी म्हणालो. "दरबारापासून. दिवसाउजेडी. कोणी अडवत नाही."

मॅनेजरबाईंनी सरदारांकडे पाहिलं. उद्या रात्री त्यांचा खेळ संगमनेरच्या पुढे, दुपारी दोनला गाड्या हलल्या पाहिजेत, बाया काल रात्रभर झोपलेल्या नाहीत, उन्हात रंग टिकत नाही. बाईंनी सगळं सांगितलं. सरदार तोवर वही उघडून बसले होते.

"पंधरा हजार जास्तीचे लागतील," बाई म्हणाल्या.

मी पाच म्हणालो. साडेसातवर तुटलं, आणि सगळ्या फडाला गावजेवणाचं आमंत्रण. फकिराला दाढी लावून यायला सांगा, एवढं मी जाताना म्हणालो, आणि मांडवाला कापड घालायला कोण मिळतंय ते बघायला निघालो.